क्लासमधला 'फोकस पट्टा', संमतीचा फॉर्म आणि मेंदूचा डेटा

घोडबंदरची आई

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण या वेळी सल्ला हवाय म्हणून धागा काढतेय.

मुलगा आठवीत आहे. कासारवडवलीजवळच्या एका क्लासला जातो (नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका). शनिवारी पालकसभा झाली. सरांनी एक प्लॅस्टिकचा पट्टा दाखवला. कपाळाला टेकणारी धातूची बटणं आणि कानाच्या पाळीला लावायचा एक चिमटा. पुढच्या टर्मपासून गणित-विज्ञानाच्या तासाला मुलं हा लावून बसणार म्हणे. मेंदूच्या लहरी मोजून कोणाचं लक्ष आहे नि कोणाचं उडालंय ते सरांच्या टॅबवर दिसणार, आणि दर रविवारी पालकांच्या मोबाइलवर आलेख येणार. सोबत चार पानी इंग्रजी फॉर्म. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की हा डेटा 'उत्पादन सुधारणा व संशोधन' यासाठी कंपनी आणि तिचे 'भागीदार' वापरू शकतात. भागीदार कोण, ते कुठेच नाही.

नवऱ्याचं म्हणणं, "एवढी फी भरतोय, निदान कार्टं वर्गात काय करतंय ते तरी कळेल." मुलाने एकच विचारलं, "आलेख मला पण दिसणार की फक्त तुम्हाला?" क्लासला फोन केला. फक्त पालक आणि शिक्षक.

थोडं शोधल्यावर चीनमधलं प्रकरण सापडलं. २०१९ मध्ये झेजियांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना असेच पट्टे लावले होते. कपाळावर दिवा, लाल म्हणजे लक्ष आहे, निळा म्हणजे उडालं. व्हिडिओ बाहेर आला, तिथल्याच लोकांनी समाजमाध्यमांवर गदारोळ केला आणि पट्टे बंद करावे लागले. चीनमध्ये लोकांना नको झालं ते घोडबंदर रोडला येतंय.

मी अजून सही केलेली नाही. हे खरंच काही मोजतं का? आणि मोजत असलं तरी मोजावं का?

सानपाड्याचा संजू

आमच्या वेळी खडूचा तुकडा नेम धरून यायचा. डेटा गोळा होत नसे, फोकस मात्र ताबडतोब.

असो, गंभीर प्रतिसाद येऊ द्या. वाचतोय.

ईईजीवाला

नेरूळला एका न्यूरॉलॉजिस्टकडे ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करतोय, म्हणून पहिल्या प्रश्नावर बोलतो.

आमच्याकडे पेशंट येतो तेव्हा आदल्या रात्रीच सांगितलेलं असतं की डोकं धुऊन या, तेल लावू नका. तरी निम्मे लोक चपचपीत तेल लावून येतात! मग टेप घेऊन डोकं मोजायचं, खुणा करायच्या, प्रत्येक जागेची त्वचा घासून साफ करायची, पेस्ट भरायची आणि एकवीस लीड (वायरी) बसवायच्या. कारण जो सिग्नल पकडायचा तो व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. कवटीवरून जेमतेम दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट मिळतात. पेशंटने दात आवळले की स्क्रीनवर काळं रान माजतं, ते स्नायूंचं. पापणी लवली की कपाळाजवळच्या लीडवर मोठा खड्डा पडतो, तो डोळ्याचा. शेजारी पंख्याची वायर सैल असेल तर ५० हर्ट्झची घरघर. यातून मेंदूचं काय आणि बाकीचं काय हे निवडायला डॉक्टरला अनुभव लागतो, तोही फिट येते का, झोप कशी आहे, अशा ठरावीक प्रश्नांसाठी.

आता हा पट्टा. बटणं नेमकी कपाळावर, म्हणजे पापण्या आणि भुवयांचा गोंधळ जिथे सगळ्यात जास्त तिथे. पेस्ट नाही. खाली घाम. वर्गात तीस मुलं, कोण पेन्सिल चावतंय, कोण हसतंय. या पट्ट्यांमागे साधारणपणे थीटा (संथ) आणि बीटा (जलद) लहरींच्या प्रमाणाचा आधार सांगतात. मुलांमधल्या एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता हा विकार) त्या प्रमाणाचा उपयोग होईल अशी आशा एकेकाळी होती. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) तशा एका यंत्राला परवानगीही दिली, पण तीसुद्धा डॉक्टरच्या तपासणीला जोड म्हणून, एकट्याच्या भरवशावर नाही. पुढच्या अभ्यासांत ते प्रमाण फारसं भरवशाचं निघालं नाही.

तेव्हा ताई, जागा आहे की पेंगतोय एवढं कदाचित कळेल. पायथागोरसकडे लक्ष आहे की संध्याकाळच्या क्रिकेटकडे, ते नाही कळणार.

आबा नौपाडा

'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' विसरलात का सगळे? आमच्या गोखले रोडला फ्लेक्स लागले होते. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि तो वास घेऊन, स्पर्श करून पुस्तक वाचणार. आमच्या शेजाऱ्यांनी नातीला घातलं होतं. मी समोर बसून पाहिलं. पोरगी मान जराशी वर करून नाकाच्या कडेने फटीतून वाचत होती. पुस्तक कपाळासमोर धरलं की वाचन बंद! अंनिसने आणि मंगळुरूचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी या प्रकाराचं पितळ जाहीरपणे उघडं पाडलं, तरी क्लास चालूच राहिले. मग बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी डीएमआयटी आली.

मला वाईट वाटतं ते त्या पोरीचं. आपण फसवतोय हे तिला ठाऊक होतं, पण आईबापांनी पैसे भरलेत म्हणून गप्प होती. पट्ट्याचंही तेच होणार. मुलं आलेख 'चांगला' कसा ठेवायचा ते महिन्याभरात शिकतील आणि गणित तिथल्या तिथे राहील.

ऐरोलीचा कोडर

ईईजीवाला आणि आबा दोघांनाही अनुमोदन, पण 'हे सगळं थोतांड आहे' इथवर थांबून निश्चिंत होऊ नका. मी मशीन लर्निंगमध्ये काम करतो (मेंदूशी संबंध नाही, विमा कंपन्यांचे दावे तपासतो).

२०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या गटाने एमआरआय यंत्रात पडून गोष्टी ऐकणाऱ्या माणसाच्या मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून त्या गोष्टीचा मथितार्थ भाषा-मॉडेलकडून काढून दाखवला. शब्दशः नाही, आशय. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत पक्षाघाताने वाचा गेलेल्या एका बाईंच्या मेंदूवर बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून मिनिटाला ७८ शब्दांच्या वेगाने बोलणं उमटलं. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने याच्याही पुढे जाऊन तोंड न हलवता मनात म्हटलेले शब्द पकडले. मनातलं नको तेव्हा बाहेर पडू नये म्हणून त्यांनी परवलीचा शब्द ठेवला; तो मनात म्हटल्याशिवाय यंत्र ऐकत नाही. म्हणजे खाजगीपणाला कडी लावायची गरज प्रयोगशाळेलाच वाटली.

आता उलटी बाजू. ऑस्टिनच्या प्रयोगात प्रत्येक माणसाला यंत्रात सोळा तास पडून राहावं लागलं, तेव्हा त्याच्यापुरतं मॉडेल तयार झालं. एकाचं मॉडेल दुसऱ्याला लावलं की कचरा. आणि माणसाने ठरवून मनात आकडे मोजले किंवा दुसरीच गोष्ट रचली, की यंत्राला काही कळेना. म्हणजे आज तरी माणसाच्या मर्जीशिवाय मन वाचता येत नाही. कपाळावरच्या बटणाने तर नाहीच.

मग मला काळजी कशाची? दोन गोष्टींची. पहिली, 'लक्ष आहे' हे लेबल कोणी दिलं? मॉडेल शिकवताना कुणीतरी काही मुलांना गणितं सोडवायला बसवून त्या लहरींना 'लक्ष' म्हटलं असणार. खिडकीबाहेर बघत विचार करणारं पोरगं त्या व्याख्येत बसत नाही. मॉडेल त्या लेबलाचीच री ओढत राहतं, आणि टॅबवर मात्र ६४ टक्के असा आकडा येतो. आकडा आला की माणसं शंका घ्यायची थांबतात, हे मी रोज ऑफिसात बघतो.

दुसरी, कच्चा डेटा. आज त्यातून काही निघत नसेल, पण तो साठून राहणार. पाच-दहा वर्षांनी मॉडेलं सुधारतील तेव्हा याच फायलींतून फिट्सची प्रवृत्ती किंवा आणखी काय काय निघेल, कोण जाणे. आणि तेव्हा त्या फायली 'भागीदारां'कडे असतील. पासवर्ड बदलता येतो, मेंदू कसा बदलणार?

निंबोणी

सगळे प्रतिसाद वाचले. राग मानू नका, पण मेंदू आणि यंत्र म्हटलं की आपल्याकडे लगेच भुताच्या गोष्टी सुरू होतात. जरा दुसऱ्या बाजूनेही सांगते.

माझ्या बाबांना पार्किन्सन्स. वाशीला राहतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत अर्धा सांडायचा. गोळ्यांचा असर तासाभरात उतरायला लागला तेव्हा डॉक्टरांनी डीबीएस (मेंदूच्या आतल्या भागाला विजेने चालना देणारं यंत्र) सुचवलं. मेंदूत खोल दोन बारीक तारा, कानामागून कातडीखालून वायर आणि छातीत पेसमेकरसारखी बॅटरी. ऑपरेशननंतर यंत्र चालू केलं त्या दिवशी बाबांनी स्वतःच्या शर्टाची बटणं लावली. आई दाराशी उभी राहून बघत होती, तिला पुढे येऊन मदत करायची इतकी सवय की हात तसेच पुढे धरलेले.

त्यानंतरचं मात्र कोणी आधी नीट सांगितलं नव्हतं. सेटिंग वाढवल्यावर बाबा बदलले. कधी नव्हे ते मोठ्याने बोलायचे, रात्री दोन वाजता उठून कपाटं आवरायची, ऑनलाइन खरेदी. आई म्हणाली, हा माझा नवरा नव्हे. बाबा म्हणाले, इतकी वर्षं मीच दबून होतो, आता बरं वाटतंय. डॉक्टरांनी सेटिंग थोडं खाली आणलं, चिडचिड आणि खरेदी थांबली, हात पुन्हा किंचित थरथरतो. कुठल्या आकड्यावर थांबायचं हे आम्ही चौघांनी बसून ठरवलं, बाबा धरून. पण खरं सांगायचं तर बाबांचं मत कुठल्या सेटिंगवरचं धरायचं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

ईईजीवाला

निंबोणीताई, यावर नेदरलँड्समधली एक केस आहे, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली. ६२ वर्षांचा माणूस, पार्किन्सन्स, डीबीएस. यंत्र चालू असलं की हिंडता-फिरता यायचं, पण उन्माद चढायचा. बेफाम खर्च, कर्ज, पोलिसांची भानगड. औषधांनी काबूत येईना. यंत्र बंद केलं की मन ताळ्यावर, शरीर मात्र बिछान्याला खिळलेलं. मधला मार्ग निघेना.

मग डॉक्टरांनी यंत्र बंद असताना, म्हणजे निर्णय घेण्याइतकी बुद्धी शाबूत असताना, त्यालाच विचारलं. त्याने उन्माद निवडला. यंत्र चालू ठेवा आणि मला मनोरुग्णालयात ठेवा, असं तो शुद्धीत म्हणाला आणि डॉक्टरांनी ते मानलं.

मी तिथे असतो तर मानलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण विचारायची वेळ त्यांनी नीट निवडली, हे मला पटतं.

निंबोणी

बाप रे. हे आईला वाचून दाखवणार नाही.

एक व्यावहारिक प्रश्न. बाबांच्या बॅटरीचं यंत्र परदेशी कंपनीचं आहे. कंपनीच बंद पडली तर? डॉक्टर म्हणाले, असं होत नाही.

ऐरोलीचा कोडर

डीबीएसच्या कंपन्या मोठ्या आहेत, उगीच घाबरू नका. पण 'होत नाही' असं नाही. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीने आर्गस-२ नावाचा कृत्रिम डोळा काढला होता. चष्म्यातला कॅमेरा आणि डोळ्याच्या पडद्यावर बसवलेले इलेक्ट्रोड. २०१३ मध्ये एफडीएची मान्यता मिळाली, जगभरात साडेतीनशेहून जास्त अंध लोकांना तो बसवला. मग धंदा परवडेना, कंपनीने ते उत्पादन सोडून दिलं. ज्यांच्या डोळ्यांत तो होता त्यांना ना दुरुस्ती, ना सुटे भाग. बिघडला की दिसणं पुन्हा बंद, आणि डोळ्यात निरुपयोगी तुकडा तसाच.

फोनच्या कंपनीने अपडेट थांबवलं तर आपण नवा फोन घेतो. इथे तुम्ही काय घेणार?

वाशीकर वकील

उशिरा आलो, पण हा विषय महाराष्ट्राला नवा नाही याची आठवण करून द्यायची होती.

२००८ सालचा पुण्याचा एक खुनाचा खटला. प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप. आरोपी तरुणीची बीईओएस नावाची चाचणी मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत झाली. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून तिला खुर्चीत गप्प बसवायचं आणि एकामागून एक वाक्यं ऐकवायची, 'मी आर्सेनिक विकत घेतलं' अशा थाटाची. तिने काही उत्तर द्यायचं नाही. सॉफ्टवेअर म्हणणार की या वाक्याला मेंदूत 'अनुभवाची आठवण' जागी झाली, म्हणजे नुसतं ऐकून माहीत नाही, केलेलंच आहे. चाचणीचे जनक बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतले माजी प्राध्यापक सी. आर. मुकुंदन. न्यायालयाने इतर पुराव्यासोबत हा अहवालही ग्राह्य धरला आणि जन्मठेप झाली. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी कपाळावर हात मारला. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही असं म्हटलं होतं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींना जामीन दिला.

मग ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाहीत. आधार राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) (स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) चा. मला त्या निकालातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की न्यायालयाने गप्प राहण्याचा हक्क फक्त जिभेपुरता ठेवला नाही. तोंड न उघडता मेंदूतून काढलेली माहितीही साक्षच, असं धरलं.

आता गंमत बघा. खुनाच्या आरोपीला त्याच्या मर्जीशिवाय पट्टा लावता येत नाही. आठवीतल्या मुलाला त्याच्या बापाच्या सहीवर लावता येतो.

मुलुंड चेकनाका

साहेब, खून करणाऱ्याला कसले आलेत मेंदूचे हक्क? खरं बाहेर आलं की झालं.

वाशीकर वकील

खून केलाय की नाही हेच तर ठरायचं असतं ना. यंत्रावर विश्वास ठेवून ते आधीच ठरवलंत तर न्यायालय कशाला? ईईजीवाल्यांना विचारा, पापणी लवली तर आलेखावर काय होतं.

घोडबंदरची आई

वकीलसाहेब, कायद्यात मला काही धरता येईल का? म्हणजे सरांना दाखवता येईल असं?

वाशीकर वकील

ताई, आहे आणि नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि महत्त्वाची बरीचशी कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कलम ९ म्हणतं की अठरा वर्षांखालच्यांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवायची नाही, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवायची नाही. वाचून बरं वाटतं. पण नियमांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती सूट आहे. क्लास म्हणणार, आम्हीही शिक्षणच देतो. भांडायला जागा आहे, एवढंच.

मेंदूचा डेटा असा वेगळा उल्लेख आपल्या कायद्यात नाही. चिलीने २०२१ मध्ये थेट राज्यघटनेत तो आणला, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच पट्ट्याच्या एका कंपनीला एका माजी सिनेटरचा मेंदूचा डेटा पुसून टाकायला लावला. अमेरिकेत कोलोराडो आणि कॅलिफोर्निया यांनी २०२४ मध्ये कायदे केले. युरोपच्या एआय कायद्याने शाळेत आणि कामाच्या जागी यंत्राने भावना ओळखायला फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण सोडून. युनेस्कोनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूरोटेक्नॉलॉजीच्या नीतीविषयी शिफारशी मंजूर केल्या, पण शिफारसी म्हणजे शिफारशी.

तुम्ही सध्या एवढंच करा. लेखी विचारा, ईमेलने: कच्चा डेटा कुठे साठतो, किती दिवस, भागीदार कोण, पुसून मागितला तर पुसाल का, आणि लक्ष मोजलं जातं याचा पुरावा काय. आणि आलेख मुलाला का दिसत नाही, हे पण. तुमच्या मुलाचा प्रश्न आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला आहे.

ऐरोलीचा कोडर

+१. 'पुरावा काय' याला 'एआय आहे' असं उत्तर आलं तर इथे नक्की टाका.

घोडबंदरची आई

अपडेट देते. ईमेल केला. डेटा 'सुरक्षित क्लाउडवर' आहे. भागीदारांचं नाव 'व्यावसायिक गोपनीयतेमुळे' देता येत नाही. (माझ्या मुलाच्या मेंदूला गोपनीयता नाही, त्यांच्या भागीदारांना आहे!) पुराव्याला उत्तर म्हणून कंपनीचं माहितीपत्रक आलं, त्यात हसऱ्या मुलांचे फोटो. पुसण्याबद्दल 'वरिष्ठांना विचारून कळवतो'.

बिल्डिंगमधल्या तीन आयांना ही उत्तरं दाखवली. दोघी सही करणार नाहीत. तिसरी म्हणाली की मुलगा रात्रभर गेम खेळतो, मला तरी आलेख हवाच आहे. तिचंही मला कळतं. नवरा अजून कुंपणावर.

आणि हो, सर म्हणाले की पट्टा सक्तीचा अजिबात नाही. फक्त ज्यांना नको त्यांची बॅच वेगळी असेल, दुपारी दोनची.

वाशीकर वकील

त्याच डेटा कायद्याचं कलम ६ वाचायला द्या त्यांना. संमती मुक्त आणि विनाअट हवी. बॅच बदलायची अट घालून घेतलेली सही विनाअट कशी?

सानपाड्याचा संजू

दोनच्या बॅचला शिकवणार कोण?

घोडबंदरची आई

तेच सर.

सानपाड्याचा संजू

मग काय बिघडलं, घाला की दोनच्या बॅचला.

घोडबंदरची आई

अहो, त्याची शाळाच दुपारची आहे. साडेबारा ते सहा. सरांना ते चांगलं ठाऊक आहे.